बियाण्याचं भेदर

मी पुण्याला निघालो त्या सकाळी माय बस स्टँडवर आली नाही. रडताना चारचौघांनी पाहिलेलं तिला चालत नसे. ताई आली. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. बस सुटता सुटता तिने खिडकीतून माझ्या हातात एक पुडी कोंबली. राखेत घोळलेलं भेदराचं बी.

आमच्या यवतमाळकडे टोमॅटोला भेदर म्हणतात. आमच्या घरचं भेदर लांबट, अंगठ्याहून थोडं मोठं; आत पाणी जवळजवळ नाही, नुसता गर. माय त्याची चटणी आटवायची, उरलेलं फोडी करून वाळवायची. ‘जिथं राहशीन तिथं दोन रोपं लावजो,’ असा तिचा निरोप होता.

मी इंजिनिअर व्हायला निघालो होतो. हॉस्टेलवर आठवड्याभराने कपाट आवरताना ती पुडी कचऱ्यात टाकली. विसरून नाही. हातात घेतली, काय आहे ते ओळखलं आणि टाकली. सुट्टीत मायने विचारलं तेव्हा रोपं छान आली आहेत, असं सांगितलं. ती वारेपर्यंत दर वर्षी सांगत राहिलो.

आता मी हिंजवडीत राहतो. सोसायटीत आमचा एक गच्चीबाग ग्रुप आहे. आम्ही माती विकत आणतो, शेण विकत आणतो, कोकोपीटच्या विटा भिजवतो आणि दोन वांगी लागली की त्यांचे दहा फोटो टाकतो. स्वतःला हसत हसत शेतकरी म्हणवतो. आमच्यातले निम्मे माझ्यासारखेच, कुठून तरी निघून आलेले. बापाच्या पायांच्या भेगा दिसतील म्हणून ज्यांनी त्याला कॉलेजच्या गेटबाहेर उभं केलं, तेच आम्ही आता मातीने माखलेला स्वतःचा हात डीपीला लावतो. गावाकडच्यांनो, तुम्हाला आमचा हेवा वाटत असेल तर तो या क्षणी सोडून द्या.

मागच्या वर्षी ग्रुपवर कुणीतरी परदेशी बियाण्याच्या पाकिटाचा फोटो टाकला. हेअरलूम टोमॅटो, म्हणजे जपून ठेवलेला जुना वाण, खास सॉससाठी. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. मी फोटो मोठा करून पाहिला. लांबट, जाड गराचं, टोकाला किंचित निमुळतं. मी लगेच लिहिलं, ‘हे आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहे.’ लिहिताना बोटंसुद्धा अडखळली नाहीत.

मग ताईला फोन केला. माय गेल्यापासून घर तीच बघते. ती म्हणाली, परसातली भाजी आता कोण लावतं, बाजारातून हायब्रीड येतं. तरी चारच दिवसांनी कुरियरने पुडी आली. पाठोपाठ तिचा फोन. ‘एवढंच उरलं आहे. जपजो.’

पाच रोपं उगवली. त्यातली चार, पानं आकसून, मेली. पाचवं मात्र धरलं. आमच्याकडची रीत अशी, की झाडावरचं सगळ्यात देखणं फळ पहिल्यांदा हेरायचं, त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची आणि ते घरातल्या कुणीही तोडायचं नाही. ते झाडावरच पिकून मऊ होऊ द्यायचं, मग त्याचं बी काढायचं. बाकीची वेडीवाकडी आपण खायची. मायच्या घरात चांगलं ते बियाण्याला जायचं.

माझ्या झाडाची बाकीची फळं कीड लागून गळाली. राहिलं ते मीही चिंधी बांधून ठेवलेलंच. आणि जानेवारीत क्लबहाउसमध्ये ग्रुपचं प्रदर्शन आलं.

मी ते तोडलं. अजून पुरतं पिकलंही नव्हतं. चिंधी तशीच ठेवली, फोटोत बरी दिसते म्हणून. पांढऱ्या बशीत ठेवून पुढे ‘वारसा वाण’ अशी पाटी लावली. आमचे लेले काका चष्मा वर करून म्हणाले, “एकच? अहो, हे प्रदर्शन आहे का दर्शन?” सगळे हसले, मीही हसलो. मग परीक्षक बाई आल्या. चव घेतल्याशिवाय नंबर कसा देणार, म्हणाल्या. सुरी मीच दिली. सहा फोडी, सहा टूथपिक, वर चिमूटभर मीठ. पांढुरकं कच्चं बी बशीत सांडलं, ते एका वहिनींनी टिश्यूने पुसून घेतलं. टाळ्या वाजल्या. मला दुसरा नंबर मिळाला. पहिला ब्रोकोलीला.

तोंड उघडून ‘थांबा’ एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही म्हणालो नाही. पंचवीस वर्षांपूर्वी कचऱ्याच्या डब्याशी निदान मी एकटा तरी होतो.

तीन रविवार ताईचा फोन घेतला नाही. चौथ्या रविवारी मीच लावला आणि सगळं सांगितलं. हॉस्टेलच्या पुडीचंसुद्धा. मायला ज्या रोपांच्या गोष्टी सांगितल्या, ती कधी नव्हतीच हेसुद्धा. मागे कुकरची शिट्टी झाली, ती उठली, गॅस बंद करून परत आली.

“मायले माहीत होतं,” ती म्हणाली. “रोपं आली म्हणे तू, पण पुढच्या साली लावाले बी कधी घरी वापस आणलं नाहीस. आणि मीही तुह्याशी खोटं बोलली. माह्याकडं डबाभर बी आहे. दर साल लावते.”

मग एवढंच उरलं असं का म्हणालीस, मी विचारलं.

“शेवटचं म्हटलं तर जपशीन, असं वाटलं मले.”

मग तिने, धुतलेले कपडे वाळत घालावेत इतक्या सहजपणे, अजून पाठवू का, असं विचारलं. मी नको म्हणालो. तुझ्याकडेच राहू दे.

माझ्यासोबत निघून आलेल्यांनो, घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की आपण वास, अंगण, आईच्या हातची चव असलं काहीतरी बोलतो. मला आता एवढंच ठाऊक आहे, की सहाशे किलोमीटरवर एका बाईच्या फडताळात एक डबा आहे, आणि तो शाबूत आहे, कारण तो तिने माझ्या हाती लागू दिला नाही.