विमान उतरेपर्यंत

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत आई जेवायची नाही. कुणी निंबोल्याला गेलं तर तासाभराचा प्रश्न; मुंबईला गेलं तर दिवसभर नुसता चहा. वडील शाळेत भूगोल शिकवायचे, त्यांना या उपासाचा भारी वैताग. "तुझ्या पोटावर गाडी चालते का?" असं ते दर वेळी म्हणायचे. ती ऐकून घ्यायची आणि आपलंच खरं करायची.

मग दादा शिकायला लंडनला निघाला, तोही विमानानं! राज्यांची जोडाजोड चालली होती ते दिवस. आमचं बऱ्हाणपूर नुकतंच नागपूरकडून भोपाळकडे गेलं होतं आणि वडील शाळेच्या नकाशावर नव्या हद्दी रंगवत बसलेले असायचे. ब्रश बाजूला ठेवून त्यांनी पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणला.

"साडेचार हजार मैल."

"भुसावळ किती वेळा होईल?" आईनं विचारलं.

"सव्वाशेच्या वर. वाटेत उतरत, तेल भरत, दिवसाहून जास्त लागेल."

"बरं," एवढंच ती म्हणाली. गेल्याच महिन्यात ती चक्कर येऊन चुलीपाशी पडली होती.

शनिवारी सकाळी विमान सुटलं. आईनं दिवसभर चहाशिवाय काही घेतलं नाही. रविवारी सकाळी तिचे हात थरथरत होते. दहाचे ठोके पडले तसे वडील म्हणाले, "उतरलं गं विमान. जेव आता." तिनं देवाला हात जोडले आणि मेथीच्या भाजीशी दोन भाकरी खाल्ल्या.

मला मात्र चैन पडेना. दहाची वेळ दादानं मुंबईहून धाडलेल्या पत्रात मीही वाचली होती, पण ती लंडनच्या घड्याळाची. तिथं दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन. आणि हे मला शिकवलं कुणी? यांनीच! ओसरीवर जाऊन मी तणतणले, "बाबा, विमान अजून वरच आहे. तुम्ही तिला फसवलंत."

"हळू बोल," ते म्हणाले. "अजून साडेपाच तास तिनं काढले नसते."

माझा राग काही उतरला नाही. त्यांच्याशी बोलायचंच नाही असं ठरवून मी तिथंच तोंड फिरवून बसले.

बाराच्या सुमाराला आई बाहेर आली. वडिलांचं ताट आत अजून झाकलेलंच होतं. भूक नाही, भूक नाही, म्हणत त्यांनी दोनदा टाळलं होतं. तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"अहो, खरं सांगा. अजून किती वेळ आहे?"

वडिलांनी मान खाली घातली. "साडेतीन तास."

ती मटकन खाली बसली. "अन् मी पोटभर जेवून बसले! माझ्या पोराला काही झालं म्हंजे?"

"काही होत नाही," वडील म्हणाले. "तुझा उपास मोडला. माझा चालू आहे."