धाकटीचा सरकारी पंप

धाकट्या बहिणीला सरकारी अनुदानावर शेतीचा पंप मिळणार हे कळलं, त्या दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं. खरंच दुखतंय असं वाटून मी ओवा चावला. मी बोरिवलीला, दीड खोलीत, नवरा कचेरीत कारकून. ती खाडीपलीकडे मनोरीला दिलेली, नवरा भाजी पिकवणारा. तिचं लग्न ठरलं तेव्हा सगळे हळहळले होते. मीही हळहळले होते, आणि ती हळहळ मला फार आवडायची. आता म्हणे पंपाचे निम्मे पैसे सरकार देणार. आमच्या इमारतीचा पंप जळला तेव्हा कुठलं सरकार धावून आलं नव्हतं.

तरी एका बाबतीत मी तिच्या वर होते. बाबा माझ्याकडे होते. आम्हाला भाऊ नाही. आई गेली, कोकणातली शेती सोडून बाबा जिथे लागले होते ती गिरणी बंद पडली, तेव्हा मीच त्यांना घेऊन आले. दिवसभर ते गॅलरीत बसत, चहा दिला की पीत. धाकटी म्हणायची, "बाबांना चार दिवस पाठव ना गं." मी म्हणायचे, "त्यांना खाडीचा वारा सोसत नाही." बाबांना कोणी विचारलं नव्हतं.

भाद्रपद संपत आला होता. पडवळांची पिशवी घेऊन ती आली, ती रडवेली होऊनच.

"ताई, वाट लागली गं! शेतकी खात्याचा साहेब पंप बघायला आला नि तसाच गेला."

झालं होतं असं. पंप घरात आला, पण गणपतीच्या गडबडीत लावायचा राहिला आणि लगेच पितृपंधरवडा लागला. पितरांच्या दिवसांत नवी वस्तू वापरायची कशी? दसऱ्याला झेंडूचा हार घालून, नारळ फोडून लावू, म्हणून तो खोक्यातच ठेवलेला. साहेब म्हणाला, हा तर दाखवण्यापुरता दुकानातून आणलेला दिसतोय, वापरात दिसल्याशिवाय अनुदान मिळायचं नाही. दसऱ्यानंतर पुन्हा एकदा यायचं त्यानं कबूल केलं, एवढंच.

मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तोंडानं मी अरेरे म्हणत होते. बाबा मात्र गॅलरीतून उठून आत आले.

"वाफे करूक होये, पाट काढूक होये. पाणी खेळताना दिसला तर सायब नाय कित्याक म्हणतलो?"

आणि कपडे पिशवीत भरायला लागले. साहेब येऊन गेला की परत येतो, म्हणाले. अडवायला मला कारण सुचलं नाही.

दसरा झाला. साहेब आला, पंप बघून गेला, अनुदान मंजूर झालं. बाबा आले नाहीत. निरोप आला, वांगी लावतोय. मग आला, मिरचीला पाणी द्यायचंय. शेवटी दिवाळीच्या फराळाचा डबा घेऊन मार्वेहून मीच होडीत बसले, त्यांना आणायला.

बाबा वाफ्यात उभे होते. लेंगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, हातात फावडं. पंप धडधडत होता आणि ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत जावयावर ओरडत होते. इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. उन्हानं काळे पडले होते, तब्येत मात्र सुधारली होती. मला बरं वाटायला हवं होतं. मला त्या पंपाला लाथ घालावीशी वाटली.

"बाबा, चला. पिशवी कुठंय तुमची?"

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. घराकडे तोंड करून धाकटीला हाक मारली, "गो, ताई इली हा. तांदूळ वाढव." मग माझ्याकडे वळले.

"दमलंस मा? बस. जेवल्याशिवाय जाव नको हां."

माझ्या घरी कितीतरी माणसं आली नि गेली. बाबांनी त्यांतल्या एकालाही कधी जेवून जा म्हटलं नव्हतं.