साक्षीदाराचं पुढं काय झालं

आम्ही गाव सोडलं तेव्हा फाट्यापर्यंत पोचवायला कुणी आलं नाही. आला तो एक दगड. आईच्या डोक्यावर पत्र्याची पेटी होती आणि माझ्या काखेत भांड्यांचं गाठोडं. दगड पेटीला घासून आईच्या कानशिलावर बसला आणि रक्त पदरात मुरायला लागलं. आई वळली नाही. "म्होरं बघून चाल," एवढंच म्हणाली. शालन, मंगल, तो दगड तुमच्या दारातून आला होता. तुमच्या घरातल्या कुणी मारला तेही मी पाहिलं. पण त्या वर्षी एक नाव घेऊन मी पुरती पस्तावले होते, दुसरं घ्यायची छाती नव्हती.

तुम्ही दोघी माझ्या चुलत बहिणी, सातारा जिल्ह्यातच राहिलात. मी आधी कवठे महांकाळला मामाकडं वाढले आणि लग्नानंतर थेट कोइमतूरला आले. त्या दुष्काळी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायचं काम करत देशभर पांगली आहेत, माझा नवरा त्यातलाच. आता सकाळी फिल्टर कापी लागते, भाजीवाली मला अक्का म्हणते, पोरं निम्मी तमिळ बोलतात. पण गावाकडचं सगळ्यात जास्त काय आठवतं म्हणाल, तर तुमच्या घरातल्या टीव्हीवरची ती खुनाची मालिका. लाज वाटते सांगायला, पण खरं तेच आहे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. तुमचे वडील, आमचे तात्या, फौजेतून सुभेदार होऊन परतले ते टीव्ही घेऊनच. घरावर लोखंडी पाइप उभा केला, त्याच्या टोकाला पुण्याकडं तोंड करून अँटेना बांधला. चित्र कसलं, चाळणीतून पीठ पडावं तसे नुसते ठिपके. तरी आठवड्यातला तो अर्धा तास आम्ही श्वास रोखून बसायचो. एक इन्स्पेक्टर आणि एक न सापडणारा खुनी. तात्या इन्स्पेक्टरच्या आधी चूक पकडायचे. "बुटावर चिखल बघ की त्येच्या, गड्या!" म्हणून मांडी थोपटायचे. मी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसायची आणि ते शेंगदाणे सोलून आधी मला द्यायचे. तुमच्यापेक्षा माझा लाड जास्त व्हायचा, हे तुम्हीही कबूल कराल.

त्याच तात्यांचं आणि माझ्या वडिलांचं, आबांचं, पाण्याच्या पाळीवरून दोन वर्षं वाजत होतं. त्या दुपारी मी आबांची भाकरी घेऊन रानात गेले होते. तात्या पाट फोडून पाणी आपल्या उसात वळवत होते. आबा म्हणाले, "आज पाळी माजी हाय, तात्या. मुकाट्यानं बाजूला व्हा." तात्यांच्या हातात कोयता होता. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. आबा पाटात पालथे पडले. टीव्हीवर माणूस पडला की वाजंत्री वाजायची, इथं नुसता पाण्याचा चुबुक आवाज झाला. तात्यांनी वाकून तिसरा घाव घातला, तेव्हा आबा हलतही नव्हते. लाल पाणी सरीत शिरलं, माझ्या पायापर्यंत आलं. मी उसात होते, तात्यांना दिसले नाही. घरी येऊन आईला सगळं सांगितलं.

पोलीस आले, चौकशी करून गेले. कुणी काही पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी भावकीतल्या जाणत्यांनी आईला देवळात नेलं. म्हणाले, खून पडला तो पडला, आता घरं पडू द्यायची न्हाईत. आईनं बेलभंडारा उचलायचा, म्हणजे बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन शपथ घ्यायची, की आमच्या घरातल्या कुणी काही बघितलं नाही. बदल्यात पाणी आमचं, आणि आमच्या केसालाही धक्का नाही. आईनं उचलला. ही आण एकट्या माणसाची नसते, अख्ख्या घराची असते. मोडली तर भावकी तुटते. घरी येऊन आई मला म्हणाली, "तू काय बघितलं न्हाईस. आपल्याला हितंच ऱ्हायचंय."

आणि तीन दिवसांनी मालिकेचा वार आला. मी तुमच्या भिंतीला कान लावून उभी होते. तात्यांनी मला पाहिलं. "कुसे, भाईर का उभी? ये की आत, सुरू झालंय." मी आत गेले. सवयीनं त्यांच्याजवळच बसले. पडद्यावर एक म्हातारा वॉचमन थरथरत इन्स्पेक्टरपुढं उभा होता. त्यानं खून पाहिला होता. तात्या म्हणाले, "ह्यो न्हाई बोलायचा. लय भ्यालाय." आणि शेंगदाणे माझ्या तळहातावर ठेवले. त्या हाताकडं मी बघत राहिले. तेवढ्यात म्हातारा बोलला. इन्स्पेक्टरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि भाग संपला.

दुसऱ्या दिवशी चावडीत फौजदार आले होते. मी आत जाऊन तात्यांचं नाव सांगितलं. अकरा वर्षांच्या पोरीची अक्कल ती! मला वाटलं, साक्षीदार बोलला की गोष्ट संपते. पुढं त्याचं काय होतं ते मालिकेनं दाखवलंच नाही. नंतर ती बंद पडली म्हणे. इथं ती आठवणारं कुणी भेटत नाही.

तात्यांना बेड्या पडल्या. पुढं साताऱ्याच्या कोर्टात मी तेच बोलले आणि जन्मठेप झाली. पण त्याच्या कितीतरी आधी आमचा उभा ऊस पेटला. विहिरीवर आईची घागर फोडली, तिला केसांना धरून काठावरून ओढलं. त्या दिवशी आईनं चुलीतल्या लाकडानं मला झोडपलं, आणि मग त्याच हातानं वळांवर हळद लावली. "तू खरं बोललीस," ती म्हणाली, "पर माजी आण खोटी पाडलीस." त्यानंतर हा विषय तिनं कधीच काढला नाही.

मंगल, तुझं पत्र मिळालं. तात्या सुटून आले त्यालाही बरीच वर्षं झाली, आता अंथरुणाला खिळलेत, कुसुमला दसऱ्याला बोलवा म्हणतात. आई इथं माझ्याजवळच असते. तिला पत्र वाचून दाखवलं आणि इतकी वर्षं जिभेवर असलेलं विचारून टाकलं, "मी तवा गप बसले असते तर बरं झालं असतं का गं?"

ती कढीपत्ता निवडत होती.

"गप बसली असतीस तर ऱ्हायलो असतो की तितंच," ती म्हणाली. "दर दसऱ्याला आपट्याची पानं देऊन मी तुला त्येच्या पाया पडाय लावलं असतं. आन तू पडली असतीस."

मी पडले असते. म्हणून मी येणार नाही, मंगल. या भाड्याच्या तीन खोल्यांत कुणाच्या पाया पडायचं ते माझं मी ठरवते, आणि मी घर म्हणते ते एवढ्यालाच. तात्या गेले की मात्र कळव. मला रडू येणार आहे, आणि ते मी इथं, माझ्या घरात रडेन.