भोंगीने मेन बंद केला

दप्तरं शिवायच्या त्या कारखान्यात मेन स्विच भरदिवसा बंद व्हायचा तो दोनच प्रसंगी: कुणाचं लग्न ठरलं तर, नाहीतर कुणी गेलं तर. एरवी मशिनींची धडधड चालू आणि माणसं हातांनी बोलायची. करंगळी गरगर फिरवली की बॉबिन संपली. कपाळावर बोट टेकवलं की मालक तापलेत. कानावर बोट ठेवलं की ऐकू आलं नाही, परत सांग. हा शेवटचा इशारा सगळे करत, मालक सोडून. ते नुसती मान डोलवत. त्या मान डोलवण्यापायी एकदा निळ्याऐवजी लाल चेनची दप्तरं गेली होती.

मालकांची मुलगी या गोंगाटातच रांगायला शिकली. ती साधं ‘पाणी दे’ म्हणाली तरी शेजारी दार उघडून बघत. कॉलेजात तिचं नाव भोंगी पडलं. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मुख्य विषय संख्याशास्त्र, त्यात ती तरबेज. आता जोडीचा विषय, म्हणजे मायनर, निवडायचा होता. मैत्रिणींनी डोळे झाकून मार्केटिंग घेतलं. भोंगीने कर्णबधिरांची सांकेतिक भाषा घ्यायची ठरवली आणि सगळं कॉलेज हसलं. हसू देत, तिचं पक्कं होतं.

घोडं एकाच जागी अडलं होतं. वर्ग संध्याकाळी भरायचा आणि दुकानदारांचे फोनही तेव्हाच यायचे. ते भोंगी घ्यायची, कारण बाबांना नीट ऐकू येत नव्हतं. हे उभ्या कारखान्याला ठाऊक होतं. बाबांच्या मते मात्र हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात पुटपुटतात.

चोरून विषय घेणं तिच्या रक्तात नव्हतं, आणि बाबांचं मन मोडून वर्गात बसणंही तिला जमलं नसतं. कॉलेजला विषय कळवायच्या आदल्या दिवशी दुपारी तिने सरळ मेन बंद केला.

दोरे कापणाऱ्या आत्याच्या हातातली कात्रीच पडली. “अगंबाई! कुठला मुलगा? करतो काय?”

“मुलगाबिलगा काही नाही, आत्या. मी जोडीला हातांची भाषा शिकणार आहे. कॉलेजात, संध्याकाळी. बाबा, उद्यापासून फोन मी घेणार नाही. दुकानदारांना मेसेज करायला सांगितलंय.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं, तर तुम्ही मान डोलावली असती.”

कारागीर फिसकन हसले. बाबांचा चेहरा मात्र उतरला. “म्हणजे बाप बहिरा, असं चारचौघांत सांगतेस?”

“झालात थोडे. मीही होईन कदाचित, इथेच वाढलेय. पण त्यासाठी नाही घेत. मला आवडतं म्हणून घेतेय. आणि त्याची गोडी तुम्हीच लावलीत, याच मशिनींवर.”

बाबा उठले, मेन चालू केला आणि मशिनीवर जाऊन बसले. धडधड सुरू झाली. एवढी खमकी पोर, पण बापाच्या पाठीपुढे तिचं काही चालेना.

“मग जाऊ ना?” ती ओरडली.

बाबांनी वळून पाहिलं. मग त्यांनी कानावर बोट ठेवलं.

आत्याचे हात थांबले. भोंगीचे डोळे भरून आले. तिने दोन बोटं पायांसारखी दाराकडे चालवून दाखवली आणि भुवया उंचावल्या.

बाबांनी मान डोलावली. या वेळी त्यांना कळलं होतं.