पूर्ण लोडवर टाकलेले पातळ

घडलेला प्रकार मान खाली घालूनच सांगावा लागेल. परंतु चहा निवण्यापूर्वी माझ्याच तोंडून ऐका. शेजारच्या शेवंताबाईंकडून ऐकलात, तर त्यात चार गोष्टी जास्तीच्या येतील!

मुलाने नागपूरहून कपडे धुणारे आणि वाळवणारेही यंत्र पाठवले. ब्रह्मपुरीच्या वैशाखात कपडे वाळवायला यंत्र! असो. धुण्याचे यंत्र तर शेवंताबाईंसह गल्लीत पाच घरी आधीच होते. मी जुनी मॅट्रिक. माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. त्यात ठळक अक्षरांत होते : ‘विजेच्या बचतीसाठी यंत्र नेहमी पूर्ण लोडवर चालवावे.’

आता लोड म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. दुपारी घरोघरी कूलर सुरू झाले आणि दिवे मिणमिणू लागले, की चौकातल्या ट्रान्सफॉर्मरवर लोड आला! त्याखेरीज लोड कुठे येतो, हे मला ठाऊक नव्हते. मी कारणही शोधून काढले : वीज इतक्या घरांत वाटली गेली, की आपल्या मीटरच्या वाट्याला थोडीच येणार. पटण्यासारखे नाही का?

बुद्धपौर्णिमेचा दिवस. संध्याकाळी विहारात वंदना मी सांगणार होते, आणि माझे पांढरे पातळ एकच, तेही मळलेले.

सकाळी शेवंताबाईंनी कुंपणावरून विचारले, “काऊन बाई, मशीन नाई लावली अजून?”

“दोन वाजता लावीन. लोड पूर्ण येऊ द्या.”

“लोड आल्यावर? तवा तं आमी बंद करतो!”

“शेवंताबाई, छापलेले आहे.”

त्या घाईघाईने कुंपणावरून निघून गेल्या. घरात नव्हे, दारोदार सांगत गेल्या, हे मला नंतर कळले.

दोन वाजता मी लाइनमन वामनभाऊंना फोन केला. “लोड पूर्ण आला का हो?”

“फुल्ल हाये बाई! ट्रान्सफॉर्मर तापून राह्यला!”

“छान,” असे म्हणून मी ते एकटे पातळ यंत्रात टाकले आणि बटण दाबले. थोड्या वेळाने चौकात असा धडाका झाला, की झाडावरचे सारे बगळे उडाले. गल्लीतले कूलर बंद. बोअरची मोटार बंद. आणि काचेच्या बंद दारामागे साबणाच्या पाण्यात माझे पातळ!

पाच वाजता वामनभाऊ खांबावरून घामाघूम उतरले. “भर दुपारी समद्यायनं मशिना लावल्या! कोन्या शान्यानं सांगतलं?”

शेवंताबाईंसह पाचही शेजारणी एका सुरात, मोठ्या आदराने म्हणाल्या, “बाईनं! मॅट्रिक हायेत ते!”

वामनभाऊ माझ्याकडे वळले. “बाई, मशिनीत कपडे किती होते?”

“एक.”

“अवो, लोड म्हंजे कपड्यायचा लोड! मशीन कपड्यानं भरली का मंगच लावाची! अन् मले वाटलं, बाई माही चिंता करून राह्यल्या, म्हनून फोन केला!”

वीज येण्याची चिन्हे नव्हती. वामनभाऊंनी यंत्राच्या खालचे बूच काढून पाणी सोडले आणि दार उघडून दिले. पातळ फेसाने भरलेले, नळ कोरडे. तेव्हा शेवंताबाई म्हणाल्या, “वंदना बाईले सांगाची हाये. पयले बाईचं धुवा!” पाचही घरचे माठ माझ्या पातळावर रिते झाले. ते पिळून, ओलेच नेसून मी निघाले. रस्त्यात असा गरम वारा होता, की विहाराच्या पायरीवर निऱ्या कडक वाळलेल्या!

आत सगळीकडे पांढरी वस्त्रे. फक्त पुढच्या रांगेत पाच जणी पोपटी, जांभळ्या, डाळिंबी लुगड्यांत बसलेल्या. बाहेरगावच्या एका पाहुणीने हलक्या आवाजात विचारले, “तुम्ही पांढरे नाही नेसलात?”

शेवंताबाईंना हलका आवाज मुळातच नाही. “आमचे पातळं फुल लोडवर हायेत,” त्या म्हणाल्या, “बाईनं टाकाले सांगतले!”

सारा विहार माझ्याकडे वळला. मी डोळे मिटून घेतले. वंदनेला अजून दहा मिनिटे होती.