चौदा किलोमीटरवर बंद पडणारी गाडी

गाडी विकायची ठरलीय हे मला आईच्या फोनवरून कळलं, आणि तेही आज भाजी काय केली हे सांगता सांगता. "त्यो सुट्टीवर आलाय, गाडीला सांगलीचं गिऱ्हाईक बघितलंय," असं ती सहज बोलून गेली. माझं माधवनगरला शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान आहे. हातात एका बाईच्या मशीनची बॉबिन केस होती, ती तशीच टेबलावर टाकली, दुकान बंद केलं, नवऱ्याला "मी माहेरी चालले, फलटणकडं" म्हणून सांगितलं आणि मिळाली ती एसटी धरली. नवऱ्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. माझा आवाज ऐकून त्याची छाती झाली नसावी.

गाडी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मोटरसायकल. लाल, पुढं वाकून बसायची, सव्वादोनशे सीसीची, कार्ब्युरेटरवाली. पोरं जिच्यावर जीव टाकायची अशी स्पोर्ट गाडी. त्यानं ती जुनीच घेतली होती. वर्षभर उडवली आणि फौजेत भरती झाला. मग गाडी चालवायची कुणी? मी! माहेरी आले की ओढणी कमरेला गच्च आवळायची आणि कालव्याच्या रस्त्यानं सुटायचं. उसाच्या फडातल्या बाया कोयता थांबवून बघायच्या. लाज वाटायची म्हणाल तर छे, मला लय आवडायचं ते. चाळिशीला टेकलेल्या बाईला असलं काही आवडतं हे आमच्याकडं कुणाला पटलं नसतं, म्हणून मी बोलले नव्हते एवढंच.

तीन वर्षांपूर्वी गाडीला रोग लागला. एका झटक्यात चालू व्हायची, छान पळायची, आणि चौदा किलोमीटरच्या आसपास आचके देऊन बंद पडायची. पुन्हा चालू व्हायची, पुन्हा तेवढंच. शेवटी वैतागून आम्ही ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावून टाकली.

मी पोचले तेव्हा भाऊ शेडमध्ये उकिडवा बसून तिच्यावरची धूळ पुसत होता. मी पिशवीही खाली ठेवली नाही.

"कुणाला इचारून विकतोस रं?"

"आक्का, माझीच गाडी हाय न्हवं?"

"आणि चालवतं कोण?"

"कुणीच न्हाई. बंद हाय ती."

"मग मी चालू करते."

तो हसला. म्हणाला, गिऱ्हाईक रविवारी सांगलीत नदीकाठी वाट बघणार आहे, गाडी टेम्पोत घालून दाखवायला आणतो असा त्यानं शब्द दिलाय. आता फौजी माणसाचा शब्द म्हणजे वाकवायची सोय नाही. मी म्हणाले, "दाखवायला आणतो म्हणालास न्हवं? मग मी चालवत आणते. हितनं सांगली, मधी न थांबता. पोचले तर गाडी माझी."

"आणि मधी बंद पडली तर?"

"तर किल्ली तुझ्या हातात. पुन्यांदा नाव काढणार न्हाई."

त्यानं हात पुढं केला आणि मी तो असा दाबला की त्यानं नंतर बोटं झटकली. तो बुधवार होता. म्हणजे माझ्या हातात मधले तीन दिवस.

गुरुवारी सकाळीच फलटणहून मिस्त्री आले. आमच्या वडिलांच्या वेळेपासून घरातल्या सगळ्या गाड्या त्यांच्याच हाताखालून गेलेल्या, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं तर त्याला वॉर्निशसारखा वास. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं कापसाचा संसार मांडलेला. पुढचा ब्रेक जाम, चेन गंजलेली, पेट्रोलच्या नळीला भेगा. सगळं काढलं, घासलं, बदललं. नवी बॅटरी बसवली. चाचा बाजूला सरकले, म्हणाले, "ताई, मारा स्टार्टर." मी बटण दाबलं. एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि तिसऱ्यांदा असा आवाज काढला की गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहिली. मी तर शेडमध्ये उड्याच मारल्या! चाचा हसत होते, भाऊ मोबाईलवर माझा व्हिडिओ काढत होता, काढ म्हटलं, काढ.

आणि चौदा किलोमीटरवर गाडी बंद.

भाऊ मागं बसला होता. उतरला, टाकीचं झाकण उघडलं, गाडी हलवून आत बघितलं, "पेट्रोल तर हाय" म्हणाला आणि झाकण लावलं. चाचा मागनं आपल्या स्कूटरवर आले. त्यांनी प्लग बदलला. गाडी लगेच चालू. "प्लगच होता," चाचा म्हणाले. आम्ही खूश. परतताना गावाच्या वेशीत पुन्हा आचके आणि पुन्हा बंद.

शुक्रवारी कार्ब्युरेटर खोलला. चाचांनी त्यातली बारीक बारीक भोकं तारेनं आणि हवेनं साफ केली, मी एकेक पितळी भाग पांढऱ्या फडक्यावर ओळीनं मांडला. किती सुंदर काम असतं ते! जोडलं, निघालो, चौदावर बंद. भावानं झाकण उघडलं, पेट्रोल बघितलं. चाचांनी सुईचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, गाडी चालू. "हवा-पेट्रोलचं मिक्श्चरच होतं," चाचा म्हणाले. घरी येईस्तोवर पुन्हा बंद.

शनिवारी सकाळी भावाला ठिणगी देणाऱ्या कॉइलची शंका आली. गरम झाली की मरते, गार झाली की उठते, म्हणजे कॉइल. यूट्यूबवर तीन जणांनी तसंच सांगितलं होतं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. गाडी चौदावर बंद पडली तिथंच नवी कॉइल बसवली, भावानं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, गाडी चालू, आणि घरी येईस्तोवर पुन्हा बंद. दुपारी चाचांनी हात टेकले. म्हणाले, "ताई, मला न्हाई वाटत हे माझ्यानं व्हईल," आणि हत्यारं गोळा करून गेले. भावानं टेम्पोवाल्याचा नंबर शोधायला सुरुवात केली. मला इतका राग आला की डोळ्यात पाणी आलं. मी म्हणाले, "ठेव त्यो फोन. अजून येक फेरी."

दुकानात बायका मशीन घेऊन येतात, धागा तुटतो म्हणून. घरी त्यांनी सुई बदललेली असते, धागा बदललेला असतो, वरचा स्क्रूही पिळलेला असतो, सगळं एकदम. मग खरा चोर सापडत नाही. मी त्यांच्यावर ओरडते, एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणून. आणि इथं आम्ही तेच करत होतो. म्हणून ठरवलं, आता बंद पडली की काहीच दुरुस्त करायचं नाही. ती काय करते ते नुसतं बघायचं.

कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर पडली बंद. उसाचे ट्रॅक्टर धूळ उडवत चाललेले. गाडी ढकलत बाजूच्या बांधावर, लिंबाच्या सावलीला नेली. तिथं बऱ्यापैकी शांत होतं. इंजिन निवू दिलं, मग खाली बसून कार्ब्युरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू सैल केला. थोडं पेट्रोल ठिबकलं आणि थांबलं. थांबायला नको होतं. टाकी भरलेली, कॉक उघडा, म्हणजे धार लागायला हवी होती. मी नळी चाचपत होते, आणि कंटाळलेल्या भावानं सवयीनं किल्ली घालून टाकीचं झाकण उघडलं.

सुस्स!

टाकीनं केवढा तरी श्वास आत ओढला, आणि त्याच क्षणी माझ्या बोटांवर पेट्रोलची गार धार आली.

"थांब! हलू नकोस!" मी अशी किंचाळले की तो झाकणावर हात ठेवून सावधानमध्ये उभा राहिला. स्वयंपाकघरात तेलाचा नवा डबा फोडला आणि एकच भोक पाडलं तर तेल येत नाही, हवा जायला दुसरं भोक पाडावं लागतं. हे मला ठाऊक होतं. आईला ठाऊक होतं. आमच्या आळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं! टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली येता येता आतली हवा विरळ होते आणि चौदा किलोमीटरवर पेट्रोल येणंच थांबतं. आणि आम्ही दर वेळी काय करत होतो? पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडत होतो. गाडी तिथंच बरी होत होती, आणि श्रेय प्लगला, स्क्रूला, कॉइलला. तीन वर्षं!

मी रस्त्याच्या कडेला हसत सुटले. भाऊ विचारत होता काय झालं, काय झालं, मला सांगता येईना. मग सांगितलं, तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला. झाकणाचे स्क्रू काढून ते सुटं केलं. मी तोंड लावून फुंकलं, हवा जाईना. बांगडीला अडकवलेली पिन काढली आणि भोकात घातली. आतून लालपिवळी, दगडासारखी घट्ट खपली निघाली. मी ती बोटांनी चुरडली. हळद आणि कुंकू.

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

तीन वर्षांपूर्वी त्याची बदली वर बर्फात झाली होती. महिना महिना फोन लागायचा नाही. तेव्हापासून आई दर शुक्रवारी तांब्यातलं पाणी शिंपडून गाडीची पूजा करायची. हळदकुंकू बरोब्बर झाकणाच्या मधोमध, माणसाच्या कपाळाला लावतात तसं. आम्हाला ते माहीत होतं, पण लाल टाकीवरचं कुंकू काही डोळ्यात भरत नव्हतं. एकदा मी हसले होते तर म्हणाली होती, "त्याच्या कपाळापतुर माझा हात पोचत न्हाई, म्हणून हितं लावती." मला गलबलून आलं. सगळा राग कुठल्या कुठं गेला.

"आईला सांगू नगंस," भाऊ म्हणाला. "लय लागंल तिला."

"न सांगून कसं चालंल? यत्या शुक्रवारी पुन्हा लावंल की!"

घरी आलो. मी चाचरत चाचरत सांगितलं, भाऊ भिंतीकडं बघत उभा. आईनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता रडते. ती कडाडलीच. "तीन वर्सं ढकलत आणत हुता, आणि येकालाबी कळलं न्हाई व्हय? मला इचारायचं की, काय काय लावतीस म्हणून!" मग पदराला हात पुसत जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मग लावू कुठं त्ये सांगा."

"पुढच्या मडगार्डला," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

रविवारी सकाळी तिनं मडगार्डला लावलं आणि आम्ही निघालो. मी पुढं, भाऊ मागं. दहा किलोमीटरनंतर तो परेडसारखा मोजायला लागला. अकरा! बारा! तेरा! मी कान इंजिनकडं लावले. चौदा! गाडी पळत होती. पंधरा म्हणून तो ओरडला तेव्हा मी शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडं बघून आरोळी ठोकली, त्या बिचाऱ्यानं घाबरून वेग कमी केला. मोगराळ्याचा घाट तिनं असा चढला की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. दहिवडी गेलं, मायणी गेलं. विट्याला भाऊ पाठीवर थापा मारायला लागला, "आक्का, चहा!"

"न्हाई!"

"आगं, पाय आखडल्यात!"

"फौजेत काय शिकवलं तुला? बस गप!"

तासगावच्या द्राक्षबागा मागं पडल्या. माधवनगरात माझ्याच घराच्या वळणावर नवरा उभा होता, हात करत होता, मी हॉर्न वाजवला आणि त्याच्यासमोरून तशीच गेले. सांगलीत नदीकाठी गाडी थांबवली तेव्हा इंजिन बंद करायलाही मन होईना. भाऊ कण्हत उतरला. टाकीवर हात ठेवून, मान वाकडी करून तो इंजिनचा आवाज ऐकत राहिला, आणि मी हँडल काही सोडलं नाही. बंद गाडी कुणीही देऊन टाकेल. ही चालू होती, आणि त्याचीच होती.

गिऱ्हाईक तिथंच होता, तिशीचा, चांगला कपडेदार. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं, आवाज ऐकला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, जरी हेल्मेट माझ्या हातात होतं आणि हातमोजे काळे झाले होते. भावाला म्हणाला, "भाऊ, बंद पडती म्हणाला हुता न्हवं? ही तर एक नंबर हाय! आपलं ठरलं. आत्ताच घेऊन जातो."

टाकीवरचा हात भावानं सावकाश उचलला.

"दाखवायला आणतो म्हणालो हुतो, आणली. पर गाडी माझी न्हाई. मालकाला इचारा," असं म्हणून त्यानं अंगठा माझ्याकडं केला.

तो माणूस "नमस्कार" म्हणत वळला आणि माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागला, मालक कुठं आहे म्हणून. माझ्या मागं नुसती नदी होती.

"हिकडं बघा," मी म्हणाले. "विकायची न्हाई."