पुसलेली बोटं

टॅबवर काढलेलं माझं पहिलं चित्र म्हणजे मटार सोलणारे आईचे हात. तीन संध्याकाळी खपून मी ते पुरं केलं आणि तिच्यापुढे धरलं. चष्मा पुसून तिनं पाहिलं आणि "छान आहे" म्हणाली. शेजारणीच्या फसलेल्या चकल्यांना म्हणते, तसंच.

या अ‍ॅपमध्ये एक गंमत आहे. चित्र कसं होत गेलं, ते पहिल्या रेघेपासून पुन्हा बघता येतं, अगदी खोडलेलंसुद्धा. ते मी तिला लावून दाखवलं. अर्ध्यावर आई एकदम म्हणाली, "थांबव, थांबव. हे माझे हात. मग मघाशी दाखवलेस ते कुणाचे गं?"

पडद्यावर बोटांचा माझा पहिला प्रयत्न होता. पेरं सुजलेली, करंगळी बाहेर वळलेली. रेघ चुकली असं समजून मी ती बोटं पुन्हापुन्हा खोडली होती, सरळ होईपर्यंत. आईची बोटं वाकडी झालीत हे माझ्या हाताला केव्हाच कळलं होतं. मलाच ते नको होतं. कागदावर निदान खोडल्याचा डाग तरी राहिला असता. इथं पडदा लगेच कोरा, जणू संधिवात झालाच नाही.

"परत काढते," मी म्हटलं.

आईनं मटारची परात बाजूला सारली आणि दोन्ही हात मांडीवर पसरून ठेवले.

"सावकाश काढ," ती म्हणाली. "आणि करंगळी नीट बघ. तुला वाटते त्याहून वाकडी आहे ती."